तीन मिनिटांत न बसलेला बाप

मी स्टेजवर विष पिऊन मेलो आहे, दरोडेखोराच्या गोळीने मेलो आहे, आणि एकदा खोटी मिशी घशात अडकून खराच मरता मरता वाचलो आहे. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत मला बापाच्या भूमिका मिळतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली की आमचा हंगाम सुरू होतो, आणि होळीपर्यंत मी कितीतरी मुलींची लग्नं लावून देतो. बिदाईच्या प्रवेशात मी दुपट्टा डोळ्यांना लावून रडतो. समोर बसलेल्या बायाही रडतात. आमच्या आंधळगावच्या बाया जरा जास्तच, कारण माझ्या बायकोने त्यांना सांगून ठेवलेलं असतं की हे नाटकातल्या पोरीसाठी रडत नाहीत, आमच्या पोरीसाठी रडतात.

आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी तिचा फोन येतो. "बाबा, काल रडले का जी?" मी हो म्हणतो. तेवढ्यावर तिचा दिवस चांगला जातो, असं जावई सांगतात.

अशा या घरात एक संशोधक आला. भंडाऱ्याच्या एका कॉलेजातून तो आमच्याच नाटकांवर पीएचडी करत होता. अख्खा हंगाम आमच्या गाडीतून फिरला, पडदे बांधले, पेट्या उचलल्या, आणि प्रयोग नसेल त्या दिवशी आमच्याकडे जेवला. बायकोने त्याला पोरासारखं मानलं. तलावाची मासोळी आली की पोटाचा तुकडा त्याच्या ताटात आणि शेपूट माझ्या. मी तक्रार केली नाही. मला श्रोता मिळाला होता, आणि श्रोत्यासाठी मी जन्मभर शेपटावर राहीन.

एका सकाळी, रात्रभराचं नाटक आटोपून मी उन्हात तोंडावरचा रंग पुसत बसलो होतो. दर प्रयोगाला रडू येतं कसं, असं त्याने विचारलं. मी दुपट्ट्याचं टोक त्याच्या नाकाशी धरलं. डोकेदुखीचा बाम. तो हसला, मीही हसलो. मग मी त्याला पुढचं सांगितलं, जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मुलगी सासरी गेली त्या हंगामात मी खराच रडायचो. इतका, की घसा बंद व्हायचा. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडून ओरडून वाक्य द्यायचा, नवरी माझ्या गळ्यात पडून ताटकळायची, आणि मला शब्द फुटायचा नाही. सिहोऱ्याकडच्या एका गावात तर लोक हसायला लागले. तेव्हा मी बाम घेतला. बामाने पाणी काढलं की मला पोरीला डोळ्यांसमोर आणावं लागत नाही, आणि वाक्य पूर्ण होतं. त्याने हातातली वही मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं, याला समजलं.

पुढे त्यांच्या कॉलेजात एक स्पर्धा ठरली. प्रत्येक संशोधकाने आपलं काम साध्या लोकांसमोर तीन मिनिटांत सांगायचं. तीन मिनिटांत आमचा पेटीवाला सूरही लावत नाही! पोरगा घाबरला होता, म्हणून मी त्याला अंगणात उभं करून तालीम दिली. नजर कुठे, हात कुठे, श्वास कुठे. लोक हसले की तिथेच सोडायचं, पुढे एक शब्द नाही, हेही शिकवलं. तो मला दर वेळी झाडीपट्टीच्या इतिहासाचं भाषण म्हणून दाखवायचा. खरं भाषण त्याने मला दाखवलंच नाही.

स्पर्धेच्या दिवशी बायको नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. आपला पोरगा बोलणार म्हणून गल्लीतल्या चार बायाही आणल्या होत्या. एका मुलीने धानावरच्या तुडतुड्यांबद्दल सांगितलं, एकाने गोसीखुर्द धरणातल्या मासोळ्यांबद्दल. घंटी वाजली की लोक टाळ्या वाजवायचे. मग आमचा उठला.

नजर बरोबर, हात बरोबर. त्याने खिशातून दुपट्टा काढला, डोळ्यांना लावला आणि हुबेहूब माझ्यासारखा रडला. मी खुर्चीतच टाळ्या वाजवायला हात उचलले. तो म्हणाला, आपल्या जिल्ह्यात एक नट आहेत, त्यांची बायको सगळ्यांना सांगते की ते मुलीच्या आठवणीने रडतात. मग तो थांबला. ते थांबणं मी शिकवलेलं होतं. दुसऱ्या खिशातून त्याने बामाची बाटली काढली आणि उंच धरली.

"ही ती मुलगी."

सभागृह फुटलं. परीक्षकांनी चष्मे काढून डोळे पुसले. नाव त्याने घेतलं नव्हतं, संशोधनाचा तसा नियम असतो म्हणे. पण आमच्याकडे नाव लपवल्याने माणूस लपत नाही. पुढच्या तीन रांगा वळून माझ्याकडे बघू लागल्या. बायकोही आधी सगळ्यांबरोबर हसली होती. मग तिचं हसणं थांबलं, आणि शेजारच्या बाया तिच्याकडे बघायचं टाळू लागल्या.

पहिला नंबर त्याचाच आला. बाहेर समोसे वाटत होते, तिथे तो धावत येऊन माझ्या पाया पडला.

"काका, कसं झालं जी?"

मी विचारलं, "बाकीचं कुठं गेलं?"

त्याला लगेच समजलं, हेच मला जास्त लागलं. "ते होतं जी लिहिलेलं. तीन मिनिटांत नाही बसलं. आन तुमीच तं म्हटलं होतं, लोकं हासले का तिथंच सोडा लागते." आता पुढच्या फेरीसाठी नागपूरला जायचं आहे, तिथेही हेच करणार, असं तो सांगत होता. बायकोने त्याने पुढे केलेला समोसा घेतला नाही. मी घेतला. हात रिकामे ठेवून उभं राहायची मला सवय नाही.

आम्ही घरी पोहोचलो. दार उघडलं तोच मुलीचा फोन. कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता.

"बाबा, बाम होता का जी?"

मी सुरुवात केली. माईकशिवाय मांडवाच्या टोकापर्यंत आवाज पोहोचवणारा मी. त्या हंगामात व्हायचा तसा घसा बंद झाला. तिकडून ती माझे हुंदके ऐकत राहिली. मग थकल्यासारखी म्हणाली, "आता फोनवरही नाटक कायले करून राहिले, बाबा? राहू द्या." आणि फोन ठेवला.

बायकोने माझ्या भिजलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग माझा उजवा हात धरून नाकाशी नेला. बोटं हुंगली. डावाही हुंगला. समोशाच्या तेलाशिवाय काही नव्हतं.

"तिले सांगितलं काहून नाही?" ती म्हणाली.

"सांगत होतो."

तिने फोन घेऊन मुलीचा नंबर लावला. वाजत वाजत बंद झाला. तिने पुन्हा लावला.