बदलापूर ते सॅन फ्रान्सिस्को: बुधवारी निघाले, बुधवारीच पोचले

सॅन फ्रान्सिस्कोहून धाकट्या भावाचा, समीरचा, फोन आला तेव्हा बदलापुरात रविवारची सकाळ होती. मुलगा झाला! "ताई, बारसं बाराव्या दिवशी. आत्या तू एकटीच. नाव तूच ठेवायचंस." आईने लगेच बोटं मोजली. रविवार पहिला, म्हणजे गुरुवार बारावा.

व्हिसा आधीच काढलेला होता. तिकिटासाठी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एजंटकडे गेले. सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर; सिंगापूरचा थांबा धरून तेवीस तास.

"ताई, बुध को सुबह सहाला निघा, बुध को ही दुपारी साडेतीनला पोचा. एक दिन फ्री!"

तेवीस तासांचा प्रवास त्याच दुपारी कसा संपेल? शेठ गिऱ्हाईक पटवतोय, असं मी धरून चालले. इथे कबूल करते, मी अंबरनाथच्या शाळेत भूगोल शिकवते.

सकाळचं विमान असेल तर बदलापुरातल्या कुळगावहून आदल्या रात्रीच टॅक्सीने निघा; काटई नाक्याला ट्रकांची रांग लागते. डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत टाका, हाताशी दशम्या ठेवा. सिंगापूरला साधा चहासुद्धा महाग वाटतो.

सिंगापूरला उतरले तेव्हा बुधवारचे दुपारचे दोन वाजले होते. वायफाय लागताच समीरचा मेसेज दिसला: "बारशाची तयारी झाली. बुधवारी संध्याकाळी सहा!"

बुधवार? म्हणजे आज? तिकडे बाळ शनिवारी रात्री जन्मलं होतं, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आमचा पहिला दिवसच चुकला होता. पुढचं विमान पंधरा तासांचं, म्हणजे पोचेपर्यंत गुरुवार उजाडणार. समीर फोन उचलेना. मी दशमी हातात घेऊन भर विमानतळावर रडले. एकुलती एक आत्या, आणि तीच नाही!

पंधरा तास कसेबसे काढले. बाहेर समीर उभा होता.

"आज वार कुठला रे?"

"बुधवार. का गं?"

"आणि बारसं?"

"अडीच तासांनी. अगं, रडतेस कशाला?"

मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेते ती आंतरराष्ट्रीय वाररेषा, पूर्वेकडे ओलांडली की वार एक दिवस मागे जातो ती, मी झोपेत ओलांडली होती. संध्याकाळी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, "ईशान" म्हटलं आणि समीरच्या शेजारणींनी माझ्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

परतताना शुक्रवारी रात्री निघाले आणि मुंबईत उतरले रविवारी. मधला शनिवार मला दिसलाच नाही. शेठने फुकट दिलेला दिवस असा परत गेला. कुठे गेला, हे वर्गात फळ्यावर दोनदा समजावलं. मुलांना कळलं, मला अजून नीटसं नाही.

आता दर रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावतो. तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. "तुझा शनिवार तिकडेच राहिलाय बघ," आई म्हणते. मी फोनला तोंड लावून कुर्रर्र करते, तिकडे ईशान हसतो आणि इकडे आई माझ्या पाठीत धपाटा घालते.