वाकळीचा चौथा कोपरा

शिवणकामाचा विषय निघाला की आमच्या घरातले सगळे माझ्याकडं बघून हसतात. मी शिवलेली पिशवी बाजारातून कांदे घरी आणत नाही, वाटेनं पेरत येते, असं माझा थोरला मुलगा म्हणतो. म्हणू दे. माझ्या हातच्या वीस-पंचवीस टाक्यांपायी एकदा दोन घरांचं ठरलेलं हललं होतं, हे त्याला ठाऊक नाही. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते आणि स्वतःला फार कामाची पोर समजत होते. तसं समजणारी गावात मी एकटीच होते.

आमचं गाव खटकचिंचोळीपासून दोन कोसांवर. मुलूख निजामाचा, पण आमच्या घरातली सकाळ मायची. मार्गशीर्षाच्या थंडीत ती कोंबड्याच्या आधी उठून न्हाणीतलं चुलवण पेटवायची. आम्ही भावंडं त्याच्याभोवती अंग चोरून बसायचो. पुढून भाजायचं, पाठ गारठायची. मग पाठ शेकायची, पोट गारठायचं.

"लेकरं हायती का भाकरी हायती ही? उलटायलीत न् पालटायलीत," म्हणत माय एकेकाला दंडाला धरून दगडावर बसवायची आणि डोक्यावर ऊन पाणी ओतायची.

मग तव्यावरची ज्वारीची भाकरी, लसणाचं तिखट आणि लोण्याचा गोळा. त्याच लोण्याचं एक बोट आमच्या फुटलेल्या गालांनाही लागायचं. गालावरचं लोणी चाटायचा मी रोज प्रयत्न करायची. जीभ कधी पोचली नाही, पण प्रयत्न मी सोडला नाही. माझ्या चिकाटीबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून सांगते.

त्या साली अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दसऱ्याच्या सुमाराला तिला मुलगा झाला. मुलगा म्हणजे काय, मूठभर जीव. बांगड्या भरायला आलेली कासारीण त्याला बघून म्हणाली, "अगं माय, ह्याच्या तर कमरेला बांगडी बसंल!" माय वरवर हसली, पण त्या दिवसापासून तिचा सगळा हिवाळा त्या मूठभर जिवाभोवती फिरायला लागला. अक्काला डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. बाळाला तेल, शेक, धुरी. कार्तिकात त्याला खोकला झाला तेव्हा माय तीन दिवस धड जेवली नव्हती. आता कुठं खोकला गेला होता आणि मांड्यांना वळ्या पडायला लागल्या होत्या.

आणि नेमका तेव्हाच राजेश्वरहून अक्काच्या सासूचा निरोप आला, "येळवसीला आम्ही येतावं. दुसऱ्या दिशी सूनबाईला न् नातवाला घिऊन जातावं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्याला जेमतेम तीन आठवडे उरले होते. अक्काचं सासर गावाबाहेर मळ्यात, विहिरीला लागून. सकाळी धुकं सरळ दारातून घरात यायचं. एवढ्या गारठ्यात बाळाला तिथं धाडायचं मायच्या जिवावर आलं होतं. रथसप्तमीपर्यंत ऊन जरा तापलं की खुशाल न्या, एवढंच तिला हवं होतं. पण मुलीच्या आईनं इहिणीला, "राहू द्या अजून," असं तोंडानं कसं म्हणायचं? त्या काळी असं म्हणायची सोय नव्हती.

वाकळीची, म्हणजे गोधडीची, मात्र सोय होती. आमच्यात पहिलं नातवंड आजोळच्या वाकळीत गुंडाळल्याशिवाय गावाची शीव ओलांडत नाही. वाकळ आईच्या आईनं शिवायची. ती पुरी झाली नाही, तर बाळ कसं जाणार? मायनं वाकळ हळू शिवायला घेतली. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आताच सांगून ठेवते, म्हणजे माझा शहाणपणा तुम्हाला नीट दिसेल.

वाकळ होती मोठी देखणी. खाली मायचं स्वतःचं जुनं हिरवं लुगडं, मध्ये अप्पांची मऊ झालेली धोतरं, वर ठिगळांची नक्षी. ठिगळांसाठी माय चिटगुप्प्याच्या बाजारातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडून कातरणं आणायची, बदल्यात त्याला हरभऱ्याची कोवळी भाजी द्यायची. "ले जाव अम्मा, बच्चे कू गरम रहेगा," म्हणत तो शेरवानीच्या काळ्या कापडाच्या चिंध्यासुद्धा द्यायचा. दुपारी अंगणात ऊन आलं की माय वाकळ पसरून बसायची. कडेनं सुरू करून आत आत यायचं, दोन टाक्यांच्या ओळींत बोटभर अंतर. शेजारची कानडी काकू वाकळीला कौदी म्हणायची आणि मायचे टाके बघून, "बाई, ज्वारी पेरल्यागत हायती गं," म्हणायची.

अशी हाताची चपळ बाई, पण त्या वाकळीवर बसली की तिला काही ना काही आठवायचं. मध्येच तुरी निवडायला उठायची. सुई हरवायची, आणि सुई तिच्याच पदराला टोचलेली असायची. कालची ओळ आज वाकडी दिसायची, मग ती उसवायची. कासारणीच्या तोंडी राजेश्वरहून विचारणा यायची, "वाकळ कुठवर आली?" माय सांगायची, "झालीच म्हणा. एक कोपरा ऱ्हायलाय." पुढच्या आठवड्यात परत, "एक कोपरा ऱ्हायलाय." मला वाटायचं, माय आता म्हातारी व्हायलीय. वय होतं तिचं पस्तीस-छत्तीस.

"माय, मी शिवू का?" मी रोज विचारायची.

"तू? तुझे टाके म्हंजे बगळा चिखलातून गेल्यावानी. बाळाला झोका दे जा."

आता त्या कोपऱ्याचं सांगते. वाकळीचे तीन कोपरे बंद करायचे आणि चौथा शेवटी. तो शिवताना आत घास ठेवायचा, कोरड्या भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर हळद. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं मानायचे. घास ठेवून कोपरा बंद झाला की वाकळीचं पोट भरलं. मग तिला परत सुई लावायची नाही, काही झालं तरी.

येळवसीच्या आदल्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, बोरं, हरभऱ्याचा पाला, चिंच, गाजर, जे जे शेतात हिरवं ते ते भज्जीच्या, म्हणजे येळवसीच्या मिसळ भाजीच्या, पातेल्याकडं निघालेलं. एकीकडं आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजत होतं. मला बाळाजवळ बसवलं होतं. बाळ झोपलं होतं. समोर खुंटीवर वाकळ, कोपरा उघडा, आणि सुई पण तिथंच.

माझ्या मनात आलं, बिचारी माय किती दमायली. उद्या राजेश्वरची माणसं येणार, आणि हिचा एक कोपरा राहिलेलाच. आपण करून टाकावा. मी भाकरीचा तुकडा आणला, आणि तिथंच मी विचार केला. विचार केला की माझं नेहमी असं होतं. वाकळ बाळाची. बाळाला दात नाहीत. मग त्याची वाकळ कोरडी भाकरी चावणार कशी? मी उतरंडीतून लिंबाएवढा गुळाचा खडा काढला, वरवंट्यानं चेचून चपटा केला, हळद लावली, कोपऱ्यात ठेवला आणि जीभ दातात धरून कोपरा शिवला. दोन टाके बोटालाही घेतले. मग वाकळ घडी करून अप्पांच्या गाडीत कडब्याखाली लपवली. उद्या शेतात सगळ्यांसमोर काढायची, आणि माय म्हणेल, शाबास!

सकाळी शेतात कडब्याची कोप, छोटी खोपटीच ती, उभी राहिली. आत चुन्यानं रंगवलेले पांडवांचे पाच दगड. माय आंबिलीची घागर, आमच्याकडं तिला बिंदगं म्हणतात, डोक्यावरच्या घोंगडीवर घेऊन, मागं न बघता, एक शब्द न बोलता आली. पूजा झाली, अप्पांनी शेताला फेरी घालून आंबील शिंपडली, आणि आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात राजेश्वरची गाडी आली. अक्काची सासू गाडीतून उतरली तेव्हा बैलांना बरं वाटलेलं दिसलं. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम.

जेवणं झाली. इहिणबाईंनी भज्जी तीनदा घेतली. "इहिणबाई, भज्जी ब्येस झालीय, थोडं मीठ कमी झालंय म्हणावं तर तेवढंबी न्हाई," म्हणाल्या, आणि बोटं चाटत विचारलं, "वाकळ कुठवर आली?"

माय पदर सावरत म्हणाली, "काय सांगू बाई, कामापायी एक कोपरा ऱ्हायलाय बगा."

"न्हाई ऱ्हायला!" मी ओरडले. "मी शिवला! पोट बी भरलं तिचं!"

मी पळत गेले आणि सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून वाकळ ओढून आणली.

मायनं माझ्याकडं बघितलं. ती नजर शाबासकीची नव्हती, एवढं मलाही कळलं. अक्का बाळाला पाजत होती, तिनं मान खाली घातली. इहिणबाईंनी मात्र वाकळ कोपीच्या सावलीत ऐसपैस पसरली, वर मांडी घातली आणि टाक्यांवरून बोटं फिरवली.

"हात हाय बाई तुमचा! वा! हा कोपरा तेवढा..."

"तो मी शिवलाय," मी म्हणाले.

"दिसायलंच की. असूं दे. पोट भरलं म्हंजे झालं. मग उद्या तांबडं फुटायला गाडी जुंपू. काय सूनबाई?"

अक्का "व्हय" म्हणाली. तिचा आवाज तिच्यापर्यंतसुद्धा पोचला नसेल. माय रिकामं पातेलं उगीच पुसायला लागली. अक्कानं मला जवळ ओढून पाठीला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "कामून केलीस गं हे?" ती कानात म्हणाली. "रथसप्तमीपातूर ठिवायचं होतं मायला आम्हाला." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उजेड पडून उपयोग काय? भरल्या पोटाच्या वाकळीला सुई चालत नव्हती.

इहिणबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी मांडी बदलली. मग दुसरी बदलली. मग, "आग्गागा!" करून अशा उठल्या की कोपीचा कडबा हलला.

"मुंग्या! तांबड्या मुंग्या!"

वाकळीचा चौथा कोपरा तांबडा झाला होता. उन्हानं गूळ विरघळून पाझरला होता, आणि साऱ्या शेतातल्या मुंग्यांनाही येळवसीचं आवतण पोचलं होतं. पुरुषमाणसं हसू दाबत बैलांकडं गेली. इहिणबाईंनी लुगडं झाडलं, पाय झाडले, आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय घातलीस गं पोरी ह्यात?"

"गूळ."

"गूळ? कामून?"

"बाळाला दात न्हाईत म्हणून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि त्या हसायला लागल्या ते खालीच बसल्या, ह्या वेळी वाकळ सोडून. डोळे पुसत मायला म्हणाल्या, "आता सुई तर लावता येत न्हाई. धुवावंच लागंल हे धूड. ह्या थंडीत वाळायचं कधी?"

"चार-आठ दिस लागतील," माय खाली बघत म्हणाली.

"चार-आठ?" इहिणबाईंनी मायच्या तोंडाकडं नीट बघितलं. तीन आठवडे एकच कोपरा का राहत होता, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मलाच काय ते शेवटी कळलं होतं. "खरं सांगा इहिणबाई, किती दिस पायजेत?"

माय एकदम म्हणाली, "रथसप्तमीपातूर. लेकरू लई बारीक हाय ओ."

"मग तसं तोंडानं सांगायचं! मुंग्यांच्या हाती कामून निरोप धाडायचा? मी काय वाघीण हाय का?"

"थोड्या हाव तुमी," अक्का पुटपुटली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. इहिणबाईच आधी हसल्या.

"बगा, खाऊन पिऊन सुनेला तोंड फुटलं! ऱ्हाऊ द्या हिला अजून. पर रथसप्तमीच्या दुसऱ्या दिशी मी काय ऐकायची न्हाई. आन् राहिलेली भज्जी मला बांधून द्या."

मायनं भज्जीचं पातेलंच त्यांच्या गाडीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता चुलवणापाशी जाऊन बसले, कारण मार खायचाच तर अंग तरी शेकलेलं असावं. मायनं मारलं नाही. वाकळ काखेत मारली आणि मला घेऊन विहिरीवर गेली. वाटभर मला टाक्यांवरून बोलत होती, एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला, सासरी गेलीस तर म्हणतील हिला शिवण कुण्या म्हशीनं शिकवली. गुळाबद्दल एक शब्द नाही. दगडावर वाकळ आपटताना तर ती चक्क गुणगुणत होती.

भिजलेली वाकळ रेड्याएवढी जड झाली. आम्हा दोघींना पिळता येईना. मायनं हाक मारली तशी अक्का बाळाला कानडी काकूजवळ देऊन आली. एक टोक मायकडं, एक आम्हा बहिणींकडं. माय जिकडं पिळायची, आम्हीही तिकडंच पिळायचो, आणि वाकळ तशीच्या तशी.

"अगं, उलटं पिळा गं, उलटं!" माय ओरडत होती.

अक्का इतकी हसली की तिच्या हातून टोक सुटलं आणि मी चिखलात बसले. एरवी एव्हाना तिची गाडी राजेश्वरच्या निम्म्या वाटेवर असती.