कठडा जादा कामात धरावा का?

घर बांधताना मिस्तरी ज्या कामांना ‘जादा’ म्हणतो, त्यांची खरी किंमत कशी ठरवावी, हा प्रश्न मला या लेखात सोडवायचा आहे. दर आणि माप मिस्तरी सांगतोच. तो भाग सोपा आहे. एखादी गोष्ट केली नाही तरी घर उभे राहते, छप्पर गळत नाही, दारे नीट लागतात. मग ती हवी की नको, हे कशावरून ओळखायचे? मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. उदाहरण सोडवून दाखवल्याखेरीज रीत सांगू नये, ही माझी जुनी सवय आहे. म्हणून आधी उदाहरण.

ऐंशीचे दशक सरत आले होते. जळगावच्या कडेला कपाशीच्या शेतांमध्ये चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात होते. त्यांपैकी एक आम्ही घेतला. आम्ही म्हणजे मी आणि माझी पत्नी. आई धुळे जिल्ह्यात, नरडाण्याच्या बाजूला, आमच्या गावी राहत असे आणि उन्हाळ्यापुरती आमच्याकडे येई. आम्हाला बांधायचे होते ते स्लॅबचे साधे बैठे घर. काम चालू असताना आम्ही त्याच रस्त्याने थोडे पुढे भाड्याच्या खोल्यांत राहत होतो.

मिस्तरी मोठा हसतमुख गृहस्थ होता. त्याने सुरुवातीलाच कामाचे दोन भाग करून सांगितले. भिंती, स्लॅब, शहाबादी फरशी, दारे-खिडक्या हे ठरलेले काम. बाकीचे जादा: शहाबादीऐवजी मोझॅक, खिडक्यांना साध्या गजांऐवजी नक्षीचे ग्रिल, पुढे पोर्च, गच्चीवर जायला जिना आणि गच्चीभोवती कठडा. यांतून निवडायचे होते, कारण सगळे एका वर्षात झेपणारे नव्हते.

जिन्याचा निकाल आईनेच लावला. गच्ची नसलेल्या घरात माणसाने वाळवण कोठे घालायचे, असे तिने विचारले. पत्नी म्हणाली, अंगणात घालू. आईने तिला अंगणातली धूळ, शेजारच्या शेळ्या आणि गल्लीतली कुत्री एकेक करून मोजून दाखवली आणि विषय संपला. जिना मागच्या बाजूने बांधायचे ठरले. कठडा, पोर्च, ग्रिल आणि मोझॅक यांचा निर्णय स्लॅब पुरा झाल्यावर घ्यायचा होता.

स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू काढल्यावर मी पहिल्यांदा वर गेलो. सकाळची वेळ होती. मधोमध उभा राहिलो आणि मला पुढे जाववेना. स्लॅबचा करडा रंग आणि पलीकडच्या नांगरलेल्या शेताचा धुळकट रंग उन्हात एकमेकांत असे मिसळले होते की एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, ते नेमके सांगता येत नव्हते. कड होती. मला ती ठाऊक होती. पण ती दिसत नव्हती. मी बसलो आणि बसल्या बसल्याच मागे सरकत जिन्यापर्यंत आलो.

त्या दिवसापासून भीती माझ्याबरोबर राहायला आली. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मला तळपायांखाली ती कड जाणवे आणि खडू थांबे. उन्हाळ्यात आपण सगळे वर झोपणार; कोणी पाणी प्यायला उठेल आणि झोपेत उलट दिशेला चालू लागेल, एवढा विचार मनात आला की मी अंथरुणावर उठून बसे.

मी मिस्तरीकडे कठड्याचा विषय काढला. तो म्हणाला, “सर, कठडा पुढल्या साली बांधू. स्लॅब काय पळून जातो का?” शेजारच्या प्लॉटवाल्याने त्यात भर घातली. तो माझ्याच शाळेत कारकून होता. सर शाळेच्या गॅलरीतसुद्धा भिंतीला चिकटून चालतात, त्यांचे ऐकून घर बांधाल तर जमिनीलाही कठडा लावावा लागेल, असे त्याने मिस्तरीला सांगितले. दोघे हसले. मीही हसलो, कारण गॅलरीची गोष्ट खरी होती.

माझी अडचण येथे नीट समजून घ्यावी. माझ्याजवळ भीती होती, कारण नव्हते. मोझॅकच्या बाजूने पत्नीकडे कारण होते: शहाबादीच्या सांध्यांत घाण बसते आणि ती रोज तिलाच खरवडावी लागते. पोर्चच्या बाजूने ऊन होते. कठड्याच्या बाजूने मी सोडून कोणी नव्हते. आणि ज्यांच्यासाठी तो बांधायचा, त्यांत पहिली आई. तिलाच तो नको होता. ती म्हणाली, “आपला धाबाले कठडा व्हता का रे भाऊ? कोन पडनं?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. गावात आमचे घर धाब्याचे होते. ज्यांनी अशी घरे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, असे ते सपाट छप्पर. घराला घर लागून असल्यामुळे आमचे धाबे जेथे संपे तेथे शेजाऱ्यांचे सुरू होई. गल्लीच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईकडे धाब्यांवरूनच जाई. उन्हाळ्यात तो सगळा बायकांचा रस्ता असे. माझ्या आईने आयुष्यातले किती उन्हाळे त्या रस्त्यावर काढले होते. तेथे कोणी पडले नव्हते, हे खरेच.

रविवारी निर्णय सांगतो, असे मिस्तरीला कळवले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली होती. शाळा सकाळची होती आणि मुले कमी येत होती. स्लॅब मुरावा म्हणून त्यावर साठवलेले पाणी केव्हाच आटले होते, आणि मोकळी, स्वच्छ, तापणारी गच्ची आईच्या डोळ्यांत भरली होती. तिने बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातली. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड. लसूण, मिरची, तीळ घालून शिजवलेले पीठ गरम असतानाच ओल्या कापडावर ओल्या हाताने गोल थापायचे असते. पातळ पापडासारखे ते पाटावर लाटून नेता येत नाहीत. जेथे वाळायचे तेथेच थापावे लागतात. जुने लुगडे लांबच लांब अंथरायचे, उकिडवे बसायचे, समोर एक रांग थापायची आणि मागे सरकायचे. पुन्हा एक रांग, पुन्हा मागे. पुढे सरकता येत नाही, कारण पुढे ओले बिबडे असतात. ही रीत आईने तिच्या आईकडून घेतली होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सायकलवरून घराच्या रस्त्याला लागलो. लांबूनच मला आमच्या गच्चीच्या कडेवरून काहीतरी हिरवे लोंबताना दिसले. वारा नव्हता, तरी ते हलत होते. थोडे जवळ आल्यावर ओळखले. आईचे जुने हिरवे लुगडे होते. त्याचे टोक कडेवरून खाली हातभर लोंबत होते.

मग मला तिची पाठ दिसली. ती रस्त्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती आणि मागे सरकली. टोक पुन्हा हलले.

ते का हलते आहे, हे त्या क्षणी मला सगळे एकदम कळले. तिने जिन्याच्या बाजूला उभे राहून लुगडे झटकून लांब फेकले होते, जसे ती गावी फेकायची. गावी ते आमच्या धाब्यावरून शेजाऱ्यांच्या धाब्यावर जाऊन पडे. सरकताना ती मागे वळून पाहत नसे. पायांखाली कापड लागते आहे ना, एवढेच ती पाहत असे. कापड आहे तोपर्यंत जागा आहे, हा तिचा हिशेब होता आणि गावात तो कधी चुकला नव्हता. येथे लुगडे गच्चीपेक्षा लांब होते.

हाक मारावी तर तिला एका कानाने कमी ऐकू येई. हाक आली की ती आधी उठून उभी राही, मग वळून कोण आहे ते पाही. मी तोंडावर हात दाबून धरला. सायकल तशीच टाकली. घराला वळसा घालून मागे धावलो. पत्नी आत तीन विटांच्या चुलीवर दुसरे पातेले ढवळत होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने ढवळणे थांबवले, पण तिला सांगायला मी थांबलो नाही. जिना चढताना आई मला दिसत नव्हती. माझा कान रस्त्याच्या बाजूला लागला होता. कसला आवाज येतो याची मी वाट पाहत होतो, आणि तो येऊ नये म्हणून श्वास घेत नव्हतो.

वर आलो. ती होती. तिच्यामागे आणखी एका रांगेपुरती गच्ची उरली होती, फार तर दोन. दोन लुगडी गच्चीच्या लांब बाजूने आधीच भरून झाली होती आणि सगळी गच्ची बिबड्यांनी व्यापली होती. बाजूने जायला वीतभर पट्टी मोकळी होती, पण ती कडेचीच होती आणि तिच्यावर माझा तोल गेला असता तर आईला धरायला कोणी उरले नसते. मी सरळ बिबड्यांवरून धावलो. पाय घसरत होते, गरम पीठ बोटांत शिरत होते. तिने मान वर केली. ती उठण्याआधी मी तिचे दोन्ही दंड धरले आणि तिला माझ्याकडे ओढले. आम्ही दोघे ओल्या लुगड्यावर बसलो.

“येडा व्हयना का रे?” ती म्हणाली. “बठ्ठा बिबडा तुडी टाकात.”

मला तिचे दंड सोडता येईनात. मी फक्त तिच्या पाठीमागे पाहत राहिलो. मग तिने मान वळवली.

हात लांब करून तिने लुगड्याचे लोंबते टोक हळूहळू वर ओढून घेतले, विहिरीतून दोर ओढावा तसे, आणि मांडीवर गोळा केले. त्याला शेजारच्या धाब्याची माती लागली आहे का, हे पाहावे तशी ती ते टोक चाचपत होती.

“घर आठेच सरनं का?” तिने विचारले. घर इथेच संपले का, असे.

मी होय म्हटले. तेव्हा ती बसल्या बसल्याच कडेपासून माझ्या बाजूला सरकली.

पत्नी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती. तिने तुडवलेल्या रांगा पाहिल्या, आम्हाला पाहिले आणि कडेकडे पाहिले. संध्याकाळी जेवताना ती एवढेच म्हणाली, “मोझॅक राहू द्या, आधी कठडा.” आईने एक अट घातली: कठड्याला विटांची जाळी ठेवावी, नाहीतर झोपताना वारा लागणार नाही. मिस्तरीने रविवारी हसत हसत विचारले, तेव्हा मी त्याला लुगड्याची गोष्ट सांगितली. तो हसायचा थांबला. त्याची स्वतःची आई पारोळ्याकडच्या गावी, धाब्याच्याच घरात होती.

आता रीत. जादा कामाची किंमत त्याच्या दरात नसते आणि दिसण्यातही नसते. त्या जागेत कोणाचे शरीर कोणत्या सवयीने वावरणार आहे, हे आधी पाहावे लागते. सवय जुन्या घरातून येते आणि नवे घर तिला ओळखत नाही. मिस्तरी घर मोजतो. सवय मोजणे त्याच्या कामात येत नाही. ते ज्याने त्याने करायचे असते. भीती वाटली तर तिला लगेच मानू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. तिला विचारावे: कोण, कोठे, काय करताना? माझ्या भीतीला झोपेतला माणूस दिसत होता. धोका दिवसाढवळ्या, जाग्या आणि हुशार बाईला होता. भीती बरोबर होती. तिने दाखवलेले चित्र चुकीचे होते.

भीती त्यानंतर गेली, असे मात्र सांगता येत नाही. कठडा झाला, जाळीतून वारा येऊ लागला, आई पुढे अनेक उन्हाळे तेथे बिबडे थापत राहिली. तरी वर पातेले टेकल्याचा आवाज आला की मी हातातले काम सोडून जिना चढत असे. ती मला पाहून म्हणे, बैस, आता इथे भिंत आहे. मी कठड्याला पाठ लावून बसे आणि ती माझ्याकडे सरकत येई.

ही रीत मी एका घरावरून काढली आहे. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी मुलांना नेहमी सांगत आलो. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या नव्या घरात जो राहणार आहे, त्याला त्याच्या जुन्या घरी काम करताना एकदा शेजारी बसून पाहा, मग जादा कामाची यादी हातात घ्या, आणि मी म्हणतो ते खरे ठरते की नाही, ते तुम्ही स्वतः पडताळून पाहा.