यासीन मिस्त्रीची चकती

यासीन मिस्त्रीने मला फसवलं. पैशांत नव्हे, पैशांत मला फसवणारा सांगलीत तरी जन्मला नव्हता. त्याने मला आठ दात्यांनी फसवलं, आणि त्यात माझ्याच लेकीला सामील करून घेतलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. साताऱ्यात माझं गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचं दुकान होतं; हातगाडीपासून सुरुवात करून मी ते उभं केलं होतं. मालासाठी दर आठवड्याला सांगलीला जायचो आणि दुपारी यासीनच्या लेथपाशी टेकायचो. आम्ही दोघेही विधुर. तो दुकानामागच्या खोलीत राहायचा, आपली भाकरी आपण थापायचा. माझ्याशी भांडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. मी एखादं बेअरिंग चांगलं म्हणून पुढे केलं, की तो ते कानाशी नेऊन फिरवायचा. "आवं शेट, ह्ये तर दम्यानं घुरघुरतंय!" अख्ख्या बाजारात मला तोंडावर खोटं म्हणणारा तो एकटाच.

माझी मंगल तेव्हा नऊ वर्षांची. लहानपणीच्या तापात तिचा एक पाय लुळा पडलेला. आमचं घर चढाच्या पायथ्याशी, आणि आळीतली पोरं खेळायची वरच्या मैदानात. मी तिला खांद्यावर बसवून वर न्यायचो. एक दिवस ती म्हणाली, "आण्णा, आता नको. पोरं हसतात." तेव्हापासून ती दारातल्या पायरीवर बसून राहू लागली. मी आलो की आत यायची. जेवताना ताटांचा तेवढा आवाज.

मोडक्या मोपेडचं इंजिन लावून मी तिच्यासाठी चार चाकांची बुटकी गाडी करून घेतली. सपाटीवर ती भन्नाट पळायची, पण चढाला लागली की निम्म्यातच गुदमरायची, क्लच जळल्याचा वास सुटायचा. मी यासीनला बोलावून घेतलं आणि मोठं इंजिन टाकायला सांगितलं.

"इंजनाला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "ताकद हाय, शेट. चाकापत्तोर पोचत न्हाई. चेनची मागची चकती चाळीस दात्यांची हाय, ती छप्पन्नची करू. गाडी हळू जाईल, पर चढंल."

"हळू? माझ्या पोरीची गाडी म्हंजे बैलगाडी वाटली का तुला? चव्वेचाळीस लाव."

"पळणारं कुत्रं आन वढणारा बैल एका दाव्याला बांधू नगा."

"पंचेचाळीस."

"आवं, ही काय मंडई हाय व्हय?"

पण मी सोडलं नाही. दोन आकडे समोर आले की मधला काढायचा, यावरच माझा सगळा धंदा उभा होता. शेवटी अठ्ठेचाळीसवर आलो. यासीनने माझ्याकडे बघून एक सुस्कारा टाकला आणि हात मिळवला.

पुढच्या आठवड्यात तो चकती घेऊन आला. मी दुकानात होतो. त्याने मंगलला शेजारी बसवून घराच्या दारातच ती गाडीला बसवली, आणि चेनवर पत्र्याचं झाकण रिबिटांनी पक्कं केलं. "पोरीचा परकर अडकंल," मी घरी आल्यावर म्हणाला. माणूस बसवण्याआधी गाडी वजनाने पारखायची, ही त्याची रीत. मंगलच्या वजनाची गुळाची ढेप त्याने सीटवर बांधली आणि हँडल धरून शेजारून चालत गाडी वर नेली. मग मंगल बसली. गाडी धपधपत, कुठे न अडता, थेट मैदानात गेली. वरून पोरांचा गलका ऐकू आला.

मी भर आळीत ओरडलो, "बघा! अठ्ठेचाळीस! ह्यो छप्पन्न म्हणत हुता. मोठी चकती माझ्या गळ्यात मारायची हुती लबाडाला!"

लोक हसले. यासीन चिंधीला हात पुसत होता. "तुमचंच खरं, शेट," एवढंच म्हणाला आणि दुपारच्या एसटीने गेला.

त्यानंतर तो माझ्याशी कधी भांडला नाही. कुठलंही बेअरिंग पुढे केलं, तरी कानाशी न नेता म्हणायचा, "चांगलं हाय." चहा व्हायचा, पण मला तिथे बसवेना. हळूहळू माझं जाणं कमी झालं. एकदा गेलो तर दाराला कुलूप. मिस्त्री मिरजेच्या दवाखान्यात वारला, त्यालाही महिना झाला, असं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं.

मंगल मोठी झाल्यावर गाडी मोडीत काढायला घेतली. झाकण उचकटलं आणि सवयीने दाते मोजले. छप्पन्न. खडूची खूण करून पुन्हा मोजले. छप्पन्नच.

"मला ठाऊक होतं," मंगल मागून म्हणाली. "मिस्त्रीकाकांनी माझ्याकडूनच मोजून घेतले होते. म्हणाले, आण्णांना जितू दे, आपुन गाडी चढवू."

"मग आळीपुढं मी त्याला लबाड म्हणालो, तवा तू का बोलली न्हाईस?"

तिने चकतीवरची खडूची खूण बोटाने पुसून टाकली. आता ती सासरी आहे. पत्रं येतात, त्यात पाऊसपाणी असतं, नातवंडांचे दात पडल्याचं असतं, हे नसतं.

मी चुकलो होतो, हे मला कळतं. ते मला सांगू शकणारी माणसं जगात दोनच होती, आणि दोघांनीही माझ्या रागाला भिऊन की माझी कीव करून तोंड मिटलं, ते मला अजून ठाऊक नाही. यासीन तर गेला. मंगल, त्या चढावर तुला खेळगडी मिळाले आणि माझा होता तो एकुलता एक गेला. तू बोलली असतीस तर मी त्याच्यामागे स्टँडपर्यंत पळालो असतो. का बोलली नाहीस? येऊन माझ्यासमोर बस, आणि याचा जाब दे.