रामटेके काकांचा बर्फ

सकाळी ऑफिसला जायला मी गाडी बाहेर काढायचे, तेव्हा शेजारच्या ड्राइव्हवेवर रामटेके काका डोक्यावरून काहीतरी गरागरा फिरवत उभे असायचे. काठीला दोरीने बांधलेले दोन थर्मामीटर, आणि त्यातल्या एकाच्या बुडाशी जुन्या मोज्याची ओली चिंधी. पिकावरची पाखरं हाकलायला गोफण फिरवावी तसा हा पंचाहत्तरीचा माणूस हात फिरवत असायचा, अंगात स्वेटर आणि डोक्याला मफलर. आमच्या जॉर्जियातल्या अल्फारेटात गवत जरा वाढलं तरी सोसायटीचा माणूस दारात हजर होतो, आणि तिथे हा अवतार! एकदा मी काच खाली करून विचारलंच, “काका, हे काय चाललंय?”

“नुसतं टेम्परेचर खोटं बोलते बेटा,” काका म्हणाले. “वेट-बल्ब खरं बोलते.”

मग गाडी सुरू ठेवून मी ड्राइव्हवेतच अख्खं लेक्चर ऐकलं. हवा कोरडी असेल तर ओल्या चिंधीचा पारा आणखी खाली जातो. तो पुरेसा खाली गेला की बारीक उडवलेलं पाणी जमिनीवर येईपर्यंत गोठतं, म्हणजे बर्फ पडतो. मला एवढंच कळलं. काकांना घरामागच्या अंगणात बर्फ पाडायचा होता.

काका नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनिअर. तरुणपणी एमएस करायला उत्तरेकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले आणि मग इकडचेच झाले. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो, खाली पितळी बुद्धमूर्ती, आणि शेजारी टेबलावर कायम कसला तरी उघडलेला पंप. घरात प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन आलेला मी कधी पाहिला नाही. आमचा डिशवॉशर दुरुस्त करायला आले, तर आधी बोलण्यात माझा तास घालवला आणि मग दहा मिनिटांत काम संपवलं. मी म्हटलं, “बहुतेक मोटर गेली असेल.” त्यावर चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळलेच. “बहुतेक? अंदाजानं फक्त भाजीत मीठ टाकायचं बेटा. बाकी सगळं मोजायचं.” हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की माझी मुलगीही त्यांच्या आवाजात ते म्हणून दाखवायची.

आणि शालू काकू. त्यांच्या जिन्यात एक फोटो होता. स्टेट कॉलेजचं जुनं अपार्टमेंट, समोर गुडघाभर बर्फ, आणि त्यात नायलॉनच्या साडीवर काकांचा ढगळ कोट चढवून उभी असलेली नवी नवरी, तोंडभर हसणारी. येणाऱ्या प्रत्येकाला काका जिन्यापाशी थांबवायचे. “ही नागपूरहून आली त्याच आठवड्यात पडला पाहा. चप्पल घालूनच बाहेर पळाली. आयुष्यात इतकी हसली नाही कधी.” काका पुढे गेले की काकू माझ्या कानाशी लागायच्या. “हसून कुठं राहिली होती मी? दात वाजून राहिले होते.” पण काकांच्या तोंडावर त्या हे कधी बोलल्या नाहीत. नवऱ्याची एवढी लाडकी गोष्ट, कशाला मोडायची?

पावसाळी ऑक्टोबरात काकूंना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. पातळ काही दिलं तर फुप्फुसात जाईल म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून पेजेसारखं घट्ट करून चमच्याने द्यायचं. ते त्या तोंडाबाहेर काढून टाकत. डॉक्टरांनी हात टेकल्यावर काकांनी त्यांना घरी आणलं, फॅमिली रूममध्ये खिडकीपाशी पलंग लावला. देखभालीला एक नर्स यायची, मनाने फार चांगली बाई. स्पंजने ओठ ओले करायची, कूस बदलायची, काकूंशी इंग्रजीत गप्पाही मारायची.

आणि एके दिवशी काकू बोलल्या. एकच शब्द. “बर्फ.”

काकांनी मला हाक मारून नेलं. त्यांचे डोळे भरले होते. “पाहा, पाहा! शालू, बोल.” काकूंनी खिडकीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाल्या, “बर्फ.” सगळी भाषा पुसली गेली होती आणि तेवढा एक शब्द मागे राहिला होता. काकांनी जिन्यातला फोटो काढून पलंगासमोर लावला. नर्सने शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा काकांनी तिला फोटो दाखवला आणि इंग्रजीत सांगितलं, ती स्नो मागते आहे. तीही रडली. सांता क्लाराहून त्यांच्या मुलीने व्हिडिओवर पाहिलं, तीही रडली. “बाबा, शी रिमेंबर्स!”

एवढं झाल्यावर काका कशाला थांबतात! जॉर्जियात बर्फ पडायचा तर एखाद्या हिवाळ्यात, तोही मर्जी असेल तर. काकूंना विमानाने उत्तरेला नेणं शक्य नव्हतं. म्हणून गाडी धुवायचा प्रेशर वॉशर, पितळी नळ्या, शॉवरपेक्षा बारीक तोंडाची नोझल्स, सगळं गॅरेजमध्ये जमलं. समोरच्या गोऱ्या शेजाऱ्याने हकीकत ऐकून आपला कॉम्प्रेसर ढकलत आणून दिला. आवाजाची तक्रार घेऊन सोसायटीचा माणूस आला होता, तो फोटोसमोर दोन मिनिटं उभा राहिला आणि तक्रारीचा कागद खिशात घालून परत गेला.

पहिल्या खेपेला मशीनमधून नुसता पाऊस पडला. दुसऱ्या खेपेला गवतावर काचेसारखा पापुद्रा धरला आणि त्यावरून काकाच घसरले. कोपर सुजलं, तरी दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेवर गोफण सुरूच. मी म्हटलं, “काका, जरा विश्रांती घ्या. पडाल पुन्हा.” ते म्हणाले, “ती रोज मागून राहिली आहे बेटा. एकच गोष्ट मागून राहिली. तेवढी तरी देऊ दे मला.” डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी काकू म्हणायच्या, “बर्फ,” आणि काका गॅरेजमधून ओरडायचे, “आणतो शालू, आणतो!”

जानेवारीत एका पहाटे त्यांचा फोन आला. “ये. आज वेट-बल्ब उतरला.”

अंगणात नुकतं उजाडत होतं. मशीन कर्कश ओरडत होतं आणि नळीच्या तोंडातून पांढरं धुकं वर जाऊन सावकाश खाली येत होतं. कठड्यावर, खुर्च्यांवर, गवतावर खरोखरीचा बर्फ! मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. नर्सच्या मदतीने काकूंना चार ब्लँकेटांत गुंडाळून चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. काकांनी मशीन बंद केलं, ओंजळभर बर्फ त्यांच्या डाव्या हातावर ठेवला आणि फोन काढून फोटो घ्यायला समोर गुडघ्यावर बसले. “शालू, पाहा. पडला ना? हस ना आता.”

काकूंनी हातावरच्या बर्फाकडे पाहिलं. मूठ वळली. आणि मूठच्या मूठ तोंडात कोंबली.

“अगं नको, नको!” काका धडपडत उठले. “कॉम्प्रेसरचं तेल असते त्यात! ठसका लागेल!” त्यांनी बोट घालून तो सगळा बर्फ काकूंच्या तोंडातून बाहेर काढला, रुमालाने जीभसुद्धा पुसली. काकू हात धरून ठेवणाऱ्या काकांशी झगडत होत्या. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पिल्लासारखं, आणि म्हणाल्या, “बर्फ.”

नर्स पुढे आली. तिने काकांना हळूच विचारलं, “त्या शब्दाचा अर्थ फक्त स्नो असाच होतो का?”

काकांनी हातातल्या ओल्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाले, “आइस.” आपल्या भाषेत आभाळातून पडणाऱ्याला आणि पेल्यात टाकायच्याला एकच शब्द आहे, हे त्यांना त्या क्षणी इंग्रजीतून कळलं. मलाही.

नर्सचा चेहरा उतरला. ती म्हणाली, तहानेला बर्फाचे बारीक तुकडे चालले असते. सरळ बसवून, चमच्याने, एकेक. पहिल्या दिवसापासून. तिला एवढंच वाटलं होतं की बाईला बर्फवृष्टी पाहायची आहे.

काका आत धावले. फ्रिजच्या दारातला बर्फ पेल्यात घेतला, रुमालात बांधून लाटण्याने फोडला आणि चमचा घेऊन आले. तोवर काकूंची मान कलली होती. थंडीने आणि झगड्याने त्या थकून झोपल्या होत्या. पलंगावर नेल्यावरही काका चमचा घेऊन बसून राहिले. चमच्यातलं वितळलं की नवीन आणायचे. काकू पुन्हा तशा जाग्या झाल्याच नाहीत. पुढच्या दोन-तीन दिवसांत ओठांना तुकडा लावला तरी ओठ उघडले नाहीत, पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळायचं. त्या तशाच गेल्या.

बुद्धवंदना झाली, माणसं आली आणि गेली. मुलगी महिनाभर राहिली. अंगणातला बर्फ काकू जायच्या आधीच विरघळून गेला होता.

नंतर एकदा मी डबा घेऊन गेले, तेव्हा काका आपणहून बोलले. “तिच्या घरी उन्हाळ्यात बर्फाची लादी यायची, भुशात, पोत्यात गुंडाळून. भुसा धुवून दिवसभर चघळायची. लग्नाआधी तिनंच सांगितलं होतं. मला ठाऊक होतं ना बेटा. मी मात्र माझा फोटो पाहून राहिलो.” थोड्या वेळाने म्हणाले, “सगळं मोजलं. पाणी मोजलं, हवा मोजली. तिच्या शब्दाचा तेवढा अंदाज केला.” मी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना बरं वाटेल असं एकही खरं वाक्य माझ्याकडे नव्हतं, आणि खोटं त्यांना चाललं नसतं.

आता ते काठी फिरवत नाहीत. फोटो जिन्यात परत गेला नाही, तिथे नुसता खिळा आहे. मी जाते, चहा होतो, ते डाळीच्या किमतीबद्दल बोलतात. मध्येच फ्रिजमधलं यंत्र आपोआप बर्फ पाडतं, रिकाम्या घरात खडखड आवाज होतो. काका बोलता बोलता थांबतात आणि आवाज संपेपर्यंत खाली बघत राहतात. परवा न राहवून मी म्हटलं, “काका, ते यंत्र बंद करून टाकू का? बटण असतं.”

“बंद काहून करायचं?” काका म्हणाले. “तिनं मागितला आहे.”