खांदा

चाळिशीत कराटे शिकायला गेलो तेव्हा माझ्या ठोशात जोर होता, वेग नव्हता. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये क्लास भरायचा. माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी असायची आणि ती दर वेळी आरामात बाजूला व्हायची. एकदा चिडून विचारलं, "तुला आधीच कसं कळतं गं?"

"काका, ठोसा यायच्या आधी तुमचा खांदा मागे जातो."

ही ढोलाची सवय. लालबागच्या पथकात मी बारा वर्षं ढोल वाजवला. हात उंच मागे नेल्याशिवाय मला मारताच येत नसे. सरांनी मला भिंतीला पाठ टेकवून ठोसे मारायला लावले. खांदा मागे गेला की भिंतीवर आपटायचा. सहा महिने खांदा सोलून घेतला, तेव्हा कुठे एका रविवारी माझी मूठ त्या मुलीच्या पोटापाशी जाऊन थांबली. तिला हलताही आलं नाही.

तोऱ्यातच घरी आलो. जेवताना लेकीच्या मार्कांवरून माझं डोकं सटकलं. टेबलावर मूठ आपटायला माझा खांदा मागे गेला, आणि बायकोनं माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलून बाजूला ठेवला. माझ्याकडे न बघता, सवयीनं.

मूठ हवेतच राहिली. मी लेकीकडे पाहिलं. तिनं आपलं ताट आधीच मागे ओढून घेतलं होतं.