न मोडणारं नाव

सिल्वासात, टोकरखाड्याच्या सरकारी वसाहतीत आमच्या शेजारच्या खोलीत माझ्याच शाळेतली एक शिक्षिका राहायला आली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ती रत्नागिरीकडची, माझ्याहून थोडी लहान, अजून लग्न न झालेली. मी लग्न होऊन मुंबईहून आलेले आणि नवरा इथल्या कचेरीत. शाळेत आम्ही दोघीही 'बाई', आणि वसाहतीत मी सगळ्यांची 'वहिनी'. नावानं हाक मारणारं सिल्वासात मला कोणी नव्हतं. त्यात काही कमी आहे असंही मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला असायची. मुंबईचं वर्तमानपत्र वापीहून जीपनं यायचं, ते हातात पडेपर्यंत दुपार व्हायची. नवरा मुख्य अंक घ्यायचा आणि आम्ही दोघी पुरवणीचं मागचं पान. तिथे नावांची कोडी असत. एखाद्या माणसाचं नाव ओळखायचं, त्यातलं अक्षर काढायचं किंवा फिरवायचं, की दुसराच शब्द तयार. 'मुलाचं नाव, पहिलं अक्षर काढा आणि जेवायला बसा', असं काहीतरी. मी तांदूळ निवडता निवडता डोकं खाजवायची. ती हजेरी घ्यावी तशी नावं मोठ्यानं म्हणत सुटायची. दिनकर, मधुकर, सुधाकर, प्रभाकर... आणि थांबायची.

"वहिनी, प्र काढा."

"भाकर!" मी ओरडायची, जणू मीच सोडवलंय.

तिला ही विद्या कुठून आली कोण जाणे. नाव ऐकलं की ते तिच्या डोक्यात आपोआप फिरायला लागायचं. रजनीचं शेवटचं अक्षर पुढे आणलं की नीरज होतं, हे तिनं एकदा कपडे वाळत घालताना मला सांगितलं. "बघा वहिनी, रात्रीचं कमळ झालं," म्हणाली आणि चिमटा लावला. मी हातात ओला टॉवेल घेऊन तशीच उभी.

शनिवारच्या शेवटच्या तासाला ती वर्गातही हाच खेळ घ्यायची. आमच्या शाळेत धुळ्या-जळगावकडून कारखान्यांत आलेल्यांची मुलं, कोकणातल्या नोकरदारांची मुलं, घरी वेगळीच भाषा बोलणारी मुलं, असे सगळे. शुद्धलेखन म्हटलं की सगळे माना खाली घालत. पण तिनं फळ्यावर 'मदन' लिहून पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल करायला सांगितली, आणि सगळा वर्ग "दमन!" म्हणून किंचाळला. दमण आमच्यापासून जवळच, आणि नदीचं नावही दमणगंगा. मग न की ण यावर इतकी हमरीतुमरी झाली, की शेजारच्या वर्गातून मला उठून यावं लागलं. ती फळ्याशी उभी राहून हसत होती आणि मुलं एकमेकांना व्याकरण शिकवत होती. वीस वेळा लिहून घेऊन मला जे जमलं नसतं, ते तिनं असं साधलं होतं.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याकडचा, राखोलीच्या एका सूत कारखान्यात सुपरवायझर, आईबरोबर डोकमर्डीला राहणारा. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला ओळख झाली, मग दोन्ही घरच्यांनी पत्रिका पाहिल्या. तिचे आईवडील लांब, म्हणून बोलणी आमच्या घरी होत. एका रविवारी मुलगा आणि त्याची आई चहाला आले. आई उंच, ताठ, कपाळावर मोठं कुंकू. नवरा फार लवकर गेलेला, दोन्ही मुलं एकटीनं वाढवलेली. कुणी उलट बोलण्याची त्यांना सवय नसावी.

चहा झाल्यावर त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे सून आली की नाव बदलतं. आम्ही सरिता ठरवलंय."

माझ्या मैत्रिणीचा चेहरा मी पाहिला. तिला तिचं नाव फार आवडायचं. त्यामागे काही मोठी कथा नव्हती. "माझं आहे, इतकी वर्षं त्याला ओ देत आलेय," एवढंच ती म्हणायची. माझंही नाव लग्नात बदललं होतं. ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं तेव्हा 'अक्षर बरं आहे' एवढंच माझ्या मनात आलं होतं. आता हीसुद्धा मान डोलावणार असं मी धरून चालले होते.

ती कप उचलता उचलता म्हणाली, "आई, एक कोडं घालू का?"

"कोडं?"

"सरितामधला स काढला तर काय राहतं?"

होणाऱ्या सासूबाईंनी बोटांवर अक्षरं मोजली. "रि... ता. रिता."

"नव्या घरात पहिल्याच दिवशी रितं भांडं कशाला न्यायचं?"

झालं, मोडलं लग्न, असं माझ्या मनात आलं. मुलगा चपलांकडे बघत बसला. बाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"बरं. मग मालती."

"मधला ल पडला की माती."

"अवं माय! ल कशाला पडेल?"

"पाटीवर लिहिताना माझ्या पोरांचा रोज पडतो."

"रेखा?"

"उलटं वाचा."

"खा... रे." आता त्या उघड हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या आणि पदर सावरत उठल्या. "मी विचार करून येते," म्हणाल्या.

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, "मुलाला सांग ना सरळ. तो आईला समजावेल."

"तो तयार आहे," ती म्हणाली. "पण त्यांच्याशी भांडून नाव राखलं, तर पुढे दर हाकेला भांडण आठवेल. त्यांनाही आणि मलाही."

पुढच्या रविवारी बाई पुन्हा आल्या, तयारीनं. पाणी पितानाच म्हणाल्या, "सीमा."

ती म्हणाली, "उलटं केलं की मासी."

"मग काय वाईट? मासी म्हणजे मावशी. माझी गुजराती शेजारीण मला रोज मासी म्हणते."

"पण ह्यांनी बायकोला मासी म्हणायचं?"

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. आईनं त्याच्या पाठीवर धपाटा घातला, पण हसत. त्या दिवशी त्या तासभर बसल्या. आपल्या गावातली सगळी नावं त्यांनी आठवून आठवून काढली, काही तर नुसतीच मोडून बघायला. बायकांची संपली तेव्हा पुरुषांची घेतली. वामन उलटा केला की नमवा होतो, हे त्यांनी स्वतः शोधलं, आणि वामन नावाचा त्यांच्या गावातला पहिलवान आठवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी भजी तळत होते आणि कढईवरून सगळं ऐकत होते. लग्नाची बोलणी अशी होताना मी कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या खेपेला त्या दारातूनच म्हणाल्या, "राधा."

मैत्रिणीचे ओठ अक्षरं जुळवत हलले. मीही मनातल्या मनात अक्षरं फिरवली, पण वाईट काही निघेना.

"सांग ना," बाई म्हणाल्या.

"धारा," ती म्हणाली. "चांगलं होतं. फार सुंदर होतं."

"रितं नाही, खारं नाही, मातीही नाही?"

"नाही, आई."

"मग हे ठरलं."

"ठरलं," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात कपबशा न्यायच्या निमित्तानं मी तिला ओढत नेलं आणि कानाशी म्हटलं, "काहीतरी सांगायचं होतंस! त्यांना काय कळलं असतं?"

"कोड्यात खोटं बोलायचं नसतं, वहिनी." मग तिनं तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा बाहेर गेली.

बाई निघायच्या बेतात होत्या. मुलगा स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभा होता. तिनं विचारलं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

"कशाला गं?"

"मोडून बघायला."

पायरीवर एक पाय आणि उंबऱ्यात एक, अशा बाई थांबल्या. मग अगदी हळू त्यांनी नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. त्यातून काय निघालं तेही लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर नावही कळेल.

मुलगा म्हणाला, "हे तुझं नाव होतं?"

"होतं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "थोरला भाऊ होता तोवर हाक मारायचा. तो गेला, मग नावही गेलं."

माझ्या मैत्रिणीनं ते नाव एकदा उच्चारलं. अक्षर फिरवण्याआधी कसं वाजतं ते बघायला असेल. पण तिची सवय वर्गातली. हजेरीत पुकारावं तसं ते नाव मोठ्यानं, खणखणीत आलं.

आणि बाई "ओ" म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ते निघूनच गेलं. त्या स्वतःच दचकल्या, हसल्या, मग मागे फिरून खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गं जरा." ती पाणी घेऊन आली, त्यांच्या पायाशी बसली, आणि दोघींनी मिळून ते नाव उलटं केलं, सुलटं केलं, डोकं काढलं, शेपूट काढलं. बरंच काही निघालं त्यातून. एक शब्द तर असा गोड निघाला की बाई तो घोकतच स्कूटरवर बसल्या. मुलानं स्कूटर चालू केली तरी वळून वळून आमच्याकडे बघत होत्या.

राधा ठरलं होतं ते ठरलंच होतं. त्याबद्दल पुन्हा कोणी अवाक्षर काढलं नाही. नव्या नावानं सही करून बघताना मी मैत्रिणीला एकदा पाहिलं. वळण तिला जमत नव्हतं, तरी ती पुन्हा पुन्हा गिरवत होती. तिनं शब्द दिला होता आणि तो ती पाळणार होती. मला तेव्हा तिचं फार वाईट वाटलं, आणि तिच्याविषयी आदरही तितकाच वाटला.

लग्न सिल्वासातच झालं, शाळेच्या सभागृहात. धुळ्याहून टेम्पो भरून माणसं आली, रत्नागिरीहून तिच्या घरचे आले. नाव लिहायचं ताट पुढे आलं. मुलानं अंगठी तांदळात टेकवली आणि 'र' काढायला घेतला.

"थांब," बाई म्हणाल्या. "आहे तेच लिही."

सगळे बघायला लागले. मुलाची आत्या पुढे सरसावली. "म्हणजे? मग बदललं काय?"

"मी हिचं नाव आठ दिवस फिरवून पाहिलं," बाई म्हणाल्या. "उलटं पाहिलं, तोडून पाहिलं. कुठूनच काही निघत नाही. जे मोडत नाही ते कशाला बदलायचं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, मोडून दाखवा."

आत्या खरंच बोटांवर अक्षरं मोजू लागली आणि मंडपात हशा पिकला. माझी मैत्रीण मात्र हसली नाही. मुंडावळ्यांआडून ती सासूकडे बघत होती. मुलानं हातानं तांदूळ सारखे केले आणि तिचं नाव लिहिलं. घाईत वेलांटी पहिली काढली, पाहिजे होती दुसरी. तिनं वाकून, भर मंडपात, बोटानं ती दुरुस्त केली. तिच्या वडिलांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी तर कोणाची कोण, पण मीही रडले.

घरी आल्यावर नवऱ्यानं मला विचारलं, "तुला तुझं आधीचं नाव हवं होतं का?" मी म्हटलं, "आता मला दोन्हींची सवय आहे." ते खरंच होतं. पण त्यानं विचारलं, याचं मला बरं वाटलं, आणि ते त्या दोघींमुळे झालं हे त्यालाही माहीत होतं.

नंतरची कितीतरी वर्षं डोकमर्डीच्या त्या घरात रविवारची पुरवणी सासू आधी वाचायची आणि सुनेला मिळायची ती अर्धी सोडवलेली. सून रागवायची, "निदान एक तरी ठेवा!" माझी बदली झाली तरी मी सुट्टीत जायची, तेव्हा मलाही बसवून घ्यायच्या.

नव्वदच्या दशकात धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. बाईंनी त्या मुलीला समोर बसवून प्रेमानं सांगितलं, "आमच्याकडे जबरदस्ती नाही हो. तुझं नाव तुझंच राहील."

मुलगी म्हणाली, "नको! बदला ना. मला हे नाव मुळीच आवडत नाही."

सासूसुनेनं एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी कामाला लागल्या. तिच्याच नावाची अक्षरं घेऊन, एकही न टाकता नवं नाव करायचं, असं त्यांनी ठरवलं. दुपार सरली. मी हजर होते, मीही हातभार लावला, पण धड काही जमेना. मुलगी बिचारी बराच वेळ बघत बसली होती. शेवटी म्हणाली, "मी माझं ठरवलंय कधीचंच," आणि एक नाव सांगितलं. जुन्या नावातलं एकही अक्षर त्यात नव्हतं.

बाईंनी ते बोटांवर उलटं करून पाहिलं. काहीतरी बरं निघालं असावं. त्यांनी मान डोलावली, आणि शिऱ्यासाठी रव्याचा डबा काढायला आत गेल्या.